ताटातलं नाव आणि दोन देशांचं पेन्शन

जरा जवळ ये गं. कागदावरच का होईना, पण सरक अशी. फोनवर नुसतं "मोठीआई, जेवलीस का" म्हणतीस अन् ठेवून देतीस. तेवढ्यात काय कळतं माणसाचं? आता मी लिहिते, तू मुकाट्यानं वाच. शाळेत मी गेले नाही, दुकानातल्या पुड्यांच्या रद्दीवर वाचायला शिकले, तवा अक्षराला हसू नकोस.

तुझ्या आईवर मी जळते. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं. ती माझी धाकटी जाऊ. नर्स. आठ वर्षं नांदेडच्या दवाखान्यात, मग जर्मनीत सगळी नोकरी. मी तिची थोरली जाऊ. लातुरात सासूचं अंग पुसलं, दुकानाची माणसं जेवू घातली, नळाची वाट बघितली. पण भिंतीवर फोटो कुणाचा? तिचा. सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या, "धाकटीनं नाव काढलं." अन् थोरलीनं? थोरलीनं भांडी काढली.

गेल्या दुष्काळात ती आली. दहा दिवसाला एकदा पाणी यायचं, घागरी दारात रांगेनं ठेवलेल्या. ती फाईल छातीशी धरून त्यातून वाट काढत आत आली. म्हणाली, "अक्का, माझं पेन्शन अडकलंय. तुमच्या हातात हाय."

माझ्या हातात! मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

झालं होतं असं. दोन देशांचा आता करार हाय म्हणे. नांदेडची आठ वर्षं इथल्या पेन्शनला पुरत नव्हती, पण जर्मनीतली वर्षं जोडली की पुरतात. इथून एक अन् तिथून एक, अशी दोन. मला एकानंही कधी विचारलं नाही, हिला मात्र दोन देश पोसणार. पण कागदावर ती एक बाई नव्हतीच. नर्सिंगचं सर्टिफिकेट माहेरच्या नावानं, त्यावरून पासपोर्ट, त्यावरून जर्मनी. नांदेडच्या नोकरीचा फॉर्म मात्र मामंजींनी भरला, सासरच्या नावानं. वरून जन्माचा दाखला उस्मानाबाद जिल्ह्याचा, अन् रेशनकार्ड लातूरचं, कारण तिच्या लग्नानंतर आपला जिल्हाच नवा झाला. नाव वेगळं, आडनाव वेगळं, जिल्हा वेगळा.

वकिलाकडं मीही गेले होते तिच्यासंगं. त्यानं विचारलं, "राजपत्रात नाव बदललं होतं का?"

ती म्हणाली, "ताटात बदललं होतं."

वकील हसला. पण खरं तेच होतं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. त्यानंतर सरकारला कळवायचं असतं, हे आपल्या घरात कुणाला ठाऊक? वकील म्हणाला, "मग तो प्रसंग बघितलेलं वडीलधारं माणूस आणा. अफिडेव्हिट करू."

तुझे वडील गेले, सासू-सासरे गेले, लग्न लावणारे जंगम गेले. ताट धरून बसलेली मी तेवढी उरले.

अन् मी म्हणाले, "मला आठवत नाही बाई."

वकिलासमोर म्हणाले. तिनं माझ्याकडं बघितलं अन् फाईल मिटली. दुसऱ्या दिवशी नांदेडला गेली, दवाखान्याचं जुनं रजिस्टर शोधायला. वाळवीनं खाल्लेलं. रिकाम्या हातानं परत आली. चार दिवसांनी तिचं विमान होतं.

मला काय झालं होतं, सांगू? तू. तू दीड वर्षाची असताना तुला माझ्याजवळ ठेवून ती गेली. चार वर्षांची झालीस तेव्हा येऊन घेऊन गेली. तू तिच्या कडेवरून माझ्याकडं हात करून रडत होतीस. मला पोर नाही, हे तुला ठाऊकच हाय. तो हात मी तिला माफ केला नव्हता.

ती तांब्याभर पाण्यात आंघोळ करत होती, तेव्हा मी फाईल उघडली. जर्मन फॉर्म मला काय कळणार? पण त्याच्या मागं तिनं मराठीत कच्चं लिहिलेलं होतं. तिथं पोर वाढवल्याची वर्षंही पेन्शनला धरतात म्हणे. घरी बसून पोर वाढवलं, तरी सरकार त्याला काम म्हणतं! खाली तिनं लिहिलं होतं, "मुलगी लहानपणी माझ्याजवळ नव्हती. तिला माझ्या मोठ्या जावेनं लातूरला वाढवलं. ती वर्षं माझी नाहीत."

खोटं लिहिलं असतं तर कोण बघायला आलं होतं? तिनं ती वर्षं सोडून दिली.

ती केस पुसत बाहेर आली. मी म्हणाले, "पातळ नेस लवकर. कोर्टात जायचंय."

"आठवलं व्हय, अक्का?"

"आठवलं. तुझा नवरा एक अक्षर चुकला होता. मी बोटानं नीट केलं अन् कुणाला सांगितलं नाही."

ती हसली, मग रडली. मी रडले नाही. वकिलानं अंगठा घ्यायला शाईचा डबा पुढं केला, मी त्याच्या हातातलं पेन घेतलं अन् सही ठोकली.

पुढं तिचा फोन आला, दोन्ही पेन्शनं मंजूर झाली. मी म्हणाले, "लई चांगलं झालं." फोन ठेवला अन् स्वच्छ असलेलं पातेलं परत घासलं. एवढ्यानं जळणं थोडंच जातं? पण आता तिच्या पेन्शनवर जळत नाही. तू रोज संध्याकाळी तिच्या समोर बसून जेवतीस, त्याच्यावर जळते.

म्हणून म्हणते, ये. यंदा नळाला पाणी बरं हाय. आईलाही आण की. नाही, थांब. तिला पुढच्या खेपेला आण. या खेपेला तू एकटीच ये, अन् लवकर ये.