कमी डिझेलचा संशय

मंडळाची मिनीबस कमी डिझेलमध्ये चालवणाऱ्या माणसाला मी चोर ठरवलं. ही चूक सर्वस्वी माझी. कमिटीतल्या दुसऱ्या कुणाचा तिच्यात वाटा नाही.

तो माणूस म्हणजे काका, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या सिटी बसवरून निवृत्त झालेले ड्रायव्हर. दर गुरुवारी आमच्या मराठी मंडळाची मिनीबस घेऊन ते गावभरच्या आज्यांना घरून उचलायचे, हॉलवर जेवायला आणायचे आणि परत सोडायचे. मागून कुणी हॉर्न दिला की आरशात बघून म्हणायचे, "घाई कुणाला आहे? त्याला ना? मग जाऊ दे त्याला."

त्यांच्याआधी ही फेरी मी, म्हणजे मंडळाचा सेक्रेटरी, करायचो. माझ्या हातात बस डिझेल असं ढोसायची की कमिटीनं ठरवलं, इस्टरपर्यंत खर्च आटोक्यात आला नाही तर ती विकायची. म्हणजे आज्यांचा गुरुवार बंद. त्यातल्या कितीतरी जणी आठवड्यातून तेवढ्या एकाच दिवशी मराठी बोलायच्या. म्हणून काकांना गळ घातली. आणि महिन्याभरात टाकी कितीतरी जास्त दिवस पुरायला लागली.

तुम्हीच सांगा, खर्च वाढला असता तर मी समजू शकलो असतो. कमी कसा होतो? तीच बस, तेच रस्ते, त्याच आज्या. नक्की लांबच्या आज्यांना गाळत असणार! मी एका आजींना सहज म्हणून फोन केला.

"काका घरापर्यंत येतात ना?"

"दारापर्यंत येतात. तू कोपऱ्यावर सोडायचास."

तरी माझं समाधान होईना. एका गुरुवारी टोपी डोळ्यांवर ओढून मी माझ्या गाडीनं त्यांच्या मागे लागलो. लाल सिग्नल दुरून दिसला की काकांची बस आधीच संथ व्हायची आणि तो हिरवा होईपर्यंत तशीच सरकत राहायची. मी मात्र धाव, थांब, पुन्हा धाव. मोटरवेवर ते लॉरींच्या रांगेत, आणि त्यांच्यामागे रेंगाळतो म्हणून लोकांच्या शिव्या मला.

शेवटची आजी उतरल्यावर बस काकांच्या घरी गेली. त्यांनी गॅरेजचं दार उघडलं आणि मी स्टिअरिंगवर मूठ आपटली. आत मंडळाचे स्पीकर, दोन मोठी पातेली, घडीच्या खुर्च्या, बसच्या टपावरचं कॅरिअर आणि गणपतीचं मखर! काका प्रत्येक चाकापाशी वाकून काहीतरी करत होते. हा माणूस टायरही विकणार, अशी माझी खात्री पटली.

पुढच्या गुरुवारी मी भर पंगतीत विचारलं, "काका, मंडळाचं मखर तुमच्या गॅरेजमध्ये कसं?"

वाढणारे हात थांबले.

"मग कुठं ठेवू?" काका म्हणाले. "विसर्जन झालं की तू सगळं बसमध्ये कोंबायचास आणि वर्षभर फिरवायचास. गणपती भाद्रपदात येतो रे. बाकीचे महिने ते ओझं इंजिनानं कशाला ओढायचं? ते उतरवलं, टपावरचं कॅरिअर काढलं. टायरची हवा दर आठवड्याला बघतो. दुसरं काही नाही."

"पण सांगितलं का नाहीत?"

"सेक्रेटरीला ईमेल केले होते."

मी फोन काढला. तीन होते. एकही उघडलेला नव्हता.

काकांनी ताक संपवलं, सगळ्या आज्यांना घरी सोडलं आणि बसची किल्ली माझ्या दाराच्या फटीतून आत टाकली. सोबत चिठ्ठी नव्हती.

मी माफी मागायला गेलो. त्यांनी चहा केला, मुलांची चौकशी केली. बसचा विषय मीच काढला.

"नको आता," ते म्हणाले. "त्या दिवशी आरशात तू दिसत होतास रे. टोपीसकट. सिग्नल दिसतो तसा, लांबूनच. आता आरशात बघितलं की रस्ता नाही दिसायचा, तूच दिसशील."

बसची किल्ली मी परत घरी आणली.

आता गुरुवारी बस मी चालवतो. सामान अजून काकांच्याच गॅरेजमध्ये आहे, टायरमध्ये हवा आहे, तरी डिझेलचा काटा भराभर खाली येतोच आहे. कमिटीनं पुढच्या मीटिंगला बसविक्रीचा विषय पुन्हा घेतलाय. परवा राउंडअबाउटच्या गोल चौकात माझा पाय ॲक्सिलरेटरवरून थेट ब्रेकवर गेला आणि सगळ्यांना गचका बसला, तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "ही बसच जुनी झाली. डिझेल खाते."

मागून सगळ्यात थोरल्या आजी मांडीवरची पिशवी सावरत म्हणाल्या, "बस तीच आहे. संशय घ्यायचाच होता, तर स्वतःच्या उजव्या पायावर घ्यायचास."