बाभळीच्या सालीचं आडनाव

तीन लाकडी बल्ल्या उभ्या केलेल्या आणि त्यांच्या मधोमध एक म्हैस टांगलेली... म्हणजे म्हैस नव्हे, तिचं नुसतं कातडं. घायपाताच्या दोऱ्यानं पिशवीसारखं शिवलेलं, आत बाभळीच्या सालीचा चुरा आणि पाणी गळ्यापर्यंत भरलेलं, आणि त्या फुगलेल्या पोटातून खालच्या मातीच्या कुंडात थेंब थेंब गळणारं, कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. सकाळच्या तिरप्या उन्हात तो एकेक थेंब मधासारखा पेटायचा. माझे आजोबा, ज्यांना सगळी वस्ती आबा म्हणायची, कुंडातलं पाणी पत्र्याच्या डब्यानं उपसून पुन्हा वर ओतायचे. ते पुन्हा गळायचं, आबा पुन्हा ओतायचे. मी बाजूच्या दगडावर बसून बघत राहायचो. जगातलं सगळ्यात मोठं जनावर आमच्या दारात आलंय आणि आबा त्याला पाणी पाजतायत, असं मला वाटायचं.

लोक म्हणायचे, घाण. घाण होतीच, ती मी नाकारत नाही. चुन्याच्या हौदाचा नाक जाळणारा भपका, भिजून सुटलेल्या केसांचा आंबूस वास, कातड्याला आतून चिकटलेलं मांस खरवडताना अंगावर उडणारे शिंतोडे... पण त्या घाणीला ऋतू होते. उन्हाळ्यात वाळत घातलेल्या सालीचा वास वर यायचा, गोडसर, लाकडाचा. थंडीत कुटलेल्या हिरड्याचा तुरटपणा थेट जिभेवर उतरायचा. आणि सगळ्याच्या शेवटी, तयार झालेल्या कातड्याला आबा करडईचं तेल चोळायला बसले की जो वास सुटायचा, त्याला मला आजही नाव देता येत नाही. आबांची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत तांबूस काळी होती. साबण, राख, लिंबू — कशानंच तो रंग जात नसे. त्या बोटांनी ते मला गूळ भरवायचे आणि गुळालाही सालीची चव यायची.

आम्ही कातडी कमावणारे. आडनावच कातडे. गावानं त्याहून वाईट नावं ठेवली होती, ती मी इथे लिहिणार नाही, कारण ती लिहायची लाज आम्हाला नव्हे, ठेवणाऱ्यांना वाटायला हवी. आबांच्या उमेदीत विहिरीवर मोटा चालायच्या आणि त्या मोटेचं कातडं आमच्या दारात कमावलेलं असायचं. सगळ्या गावाचा ऊस, गावाचा गहू, देवळापुढची झेंडूची फुलंसुद्धा आबांच्या कातड्यातून उपसलेल्या पाण्यावर वाढली. त्या कातड्यातलं पाणी चालायचं; आबांच्या हातचं पाणी चालत नव्हतं. हे मी लहानपणी ऐकलं तेव्हा गंमत वाटली होती. आता पन्नाशीत, हजारो मैलांवर, आठवलं की हातातला कप ठेवून द्यावा लागतो.

वडिलांना शिकून पुण्यात कारकुनाची नोकरी लागली आणि आम्ही वस्ती सोडली. त्यांनी पहिलं काम केलं ते आडनाव बदलण्याचं. गावाच्या नावाला ‘कर’ लावायचा, ही आपल्याकडची सोयीची वाट. पण आपल्या गावाचं नाव लावलं तर गावचं माणूस भेटणार आणि पुढचा प्रश्न विचारणार. म्हणून वडिलांनी एसटीच्या खिडकीतून पाहिलेल्या एका पाटीवरचं गाव उचललं. त्या निमगावात ते कधी उतरलेसुद्धा नव्हते. आम्ही निमगावकर झालो.

मग घरात सराव सुरू झाला. आई भाकरी थापता थापता विचारायची, “आडनाव?”

“निमगावकर.”

“कुठलं निमगाव?”

“फार लहानपणी सोडलं.”

“आणि तिथं कोण असतं तुमचं?”

“आता कोणी नाही.”

“खाली बघून नाय सांगायचं. माझ्याकडं बघून सांग,” ती म्हणायची आणि भाकरी उलटायची. मी तिच्याकडे बघून सांगायचो. वडील दारात उभे राहून ऐकायचे. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो — परीक्षेला बसलेल्या माणसाचा. एवढ्या सभ्य, न ओरडणाऱ्या, कधी कोणाचं काही न लुबाडलेल्या माणसाला स्वतःच्या घरात पोराकडून खोटं घोटून घ्यावं लागलं, याचा संताप मी कोणावर काढायचा, हे इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. त्यांच्यावर काढून पाहिला. ते गेले, तरी संपला नाही.

आता मी बहरीनमध्ये आहे. अदलियातल्या एका लहानशा ऑफिसात इमारतींच्या एसीच्या डक्टचे नकाशे तपासतो. आमचा साहेब इंग्रज, आडनाव बार्कर. मला तो ‘निम’ म्हणतो. खोट्या आडनावाचाही त्यानं अर्धाच भाग ठेवलाय. ऑफिसातली आपली पोरं त्याच्या आडनावावरून पाठीमागे भुंकून दाखवतात. मीही हसायचो.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या बहिणीनं त्याला वाढदिवसाला इंग्लंडचा एक नकाशा पाठवला, चौकटीत बसवलेला. कुठल्या भागात बार्कर मंडळी जास्त आहेत तिथे गडद रंग, कमी तिथे फिकट. यॉर्कशायर गडद, नॉर्फक गडद. कोपऱ्यात ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, जिथे जिथे ती माणसं जहाजांतून गेली ते देश. बार्करनं तो आपल्या खुर्चीमागे लावला आणि चहाच्या वेळी आम्हाला सगळ्यांना बोलावलं.

“काहीजण म्हणतात, हे फ्रेंचमधून आलं, मेंढपाळ,” तो म्हणाला. “पण माझे वडील म्हणायचे, ‘बार्क’ म्हणजे भुंकणं नव्हे, झाडाची साल; आपण सालवाले. ओकच्या झाडाची साल काढायची, कुटायची, खड्ड्यात पाण्यात टाकायची आणि त्यात कातडी महिनोन्‌महिने भिजवायची. आम्ही इतके घाण मारायचो की आम्हाला गावाच्या कडेला ठेवायचे.” आणि तो हसला, मनापासून, चहा सांडेपर्यंत. सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, “वा सर, केवढा इतिहास.”

मी त्या नकाशासमोर उभा होतो आणि माझ्या तोंडात सालीची चव आली होती. तीच साल, तेच पाणी, गावाची तीच कड. त्यालाही गावाबाहेर ठेवलं होतं. पण त्याला कधीतरी आत येऊ दिलं आणि येताना नाव बाहेर टाकून ये म्हणून सांगितलं नाही. त्याच्या पणजोबांचा दुर्गंध आज भिंतीवर चौकटीत बसलाय. आमचा... आमच्यातल्या कोणी पुण्यात एका गावाचं नाव लावलं, कोणी सोलापुरात दुसऱ्या गावाचं, एका चुलत्यानं तर खुशाल शिंदे लावून टाकलं. कातडे नावाचा नकाशा कोणी काढायला बसलं तर कागद कोराच राहील. आम्ही मेलो नाही. आम्ही आहोत, सगळीकडे आहोत, फक्त कोणाच्या हाताला लागणार नाही असे.

“आणि तुझं, निम?” बार्करनं विचारलं. “काय अर्थ?”

“एका गावाचं नाव,” मी म्हणालो.

“सुंदर,” तो म्हणाला, आणि खरंच त्याला तसं वाटलं असावं. त्याचा राग करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. म्हणूनच राग जास्त आला.

ही गोष्ट इथेच राहिली असती. पण माझ्या मुलीच्या, आर्याच्या, शाळेत ह्याच वर्षी प्रोजेक्ट आलं: आपलं आडनाव कुठून आलं, त्याचा अर्थ काय, आज त्या नावाची माणसं कुठे आहेत. आर्या चौदा वर्षांची; मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिनं मला विचारलं, मी गावाचं सांगितलं. ती लॅपटॉप घेऊन आली. “बाबा, देअर आर सो मेनी निमगावज. विच वन?”

“आपण फार लहानपणी सोडलं,” मी म्हणालो. आणि माझ्या तोंडून भाकरी थापणारी आई बोलली, दारातले वडील बोलले. तिनं वहीत लिहून घेतलं — लेफ्ट लाँग बॅक.

सनाबिसमध्ये आम्ही राहतो त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. मुलाकडे आलेले, निवृत्त, बोलघेवडे. सणासुदीला सगळ्या इमारतीतल्या मराठी घरांना गोळा करणारे. त्यांची नात आणि आर्या एकाच गाडीतून शाळेला जातात. नातीकडून त्यांना प्रोजेक्टचं कळलं आणि शुक्रवारी सकाळी ते स्वतःहून खाली आले, हातात फोन, चेहऱ्यावर मदतीचा उत्साह.

“अहो निमगावकर, एवढी वर्षं बोलला नाहीत. निमगाव म्हणजे माझी सासुरवाडी,” ते सोफ्यावर बसत म्हणाले. “तिथलं घर न् घर मला माहीत. तुमचा वाडा कुठला? वेशीजवळचा की वरच्या आळीचा?”

आपल्या माणसांचा हा प्रश्न परदेशातही सामानाबरोबर येतो. आडनाव, मग गाव, मग आळी, मग कुलदैवत — एकेक कडी काढत दारापर्यंत येणारा. विचारणाऱ्याला वाटतं, आपण ओळख काढतोय. उत्तर देणारा एकेक दार लावत मागे सरकतोय, हे त्याला कधीच कळत नाही. इथे आमच्यासारखीच काही मराठी घरं आहेत जी बुद्धजयंतीला उघडपणे जमतात, आपलं नाव, आपली ओळख छातीवर घेऊन. त्यांनी बोलावलं होतं. मी गेलो नाही, शिफ्ट आहे म्हणालो. हेही मला सांगायला हवं.

“थांबा, मेहुण्यालाच लावतो,” काका म्हणाले. “त्याला सात पिढ्या पाठ आहेत. आर्या, पेन घे बाळा.”

आर्या पेन घेऊन बसली. तिचं ते उघडं, विश्वासानं वर केलेलं तोंड... ती लिहिणार होती. मेहुण्यानं ‘असे कोणी इथं नव्हतेच’ म्हटलं असतं तर तेही लिहिलं असतं. किंवा त्यानं उगाच एखादा वाडा जोडून दिला असता तर तो घेऊन ती आयुष्यभर हिंडली असती. फोनमध्ये पलीकडची घंटी वाजायला लागली होती.

“काका, फोन ठेवा,” मी म्हणालो. “आम्ही निमगावचे नाही. आम्ही कातडे. आमच्याकडे कातडी कमावायचे. वडिलांनी नाव बदललं.”

त्यांनी फोन ठेवला. स्वयंपाकघरातला कपांचा आवाज थांबला.

“असं होय,” ते म्हणाले. आणि मग ते वाक्य, जे येणार हे मला ठाऊक होतं: “आम्ही काही मानत नाही हो तसलं.”

“तुम्ही मानता असं मी म्हटलंच नाही.”

“नाही, म्हणजे... काळ बदलला आता.”

बायको चहा घेऊन आली. काकांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत घेतला, कप उलटा करून दाखवावा इतक्या निगुतीनं. “फक्कड झालाय चहा,” म्हणाले. दाराशी पुन्हा म्हणाले, “चहा खरंच फक्कड.” त्यांनी कप तसाच ठेवला असता तर मी इतका चिडलो नसतो. एक कप चहा पिऊन एक म्हातारा माणूस माझ्या घरात स्वतःला पदक देऊन गेला आणि मी ‘या परत’ म्हणालो.

दार लागल्यावर आर्यानं वहीतली ओळ खोडली.

“सो ऑल धिस टाइम आजोबा लाइड?”

“त्यांच्याकडून ते वदवून घेतलं गेलं.”

“अँड यू?”

बायको कप विसळत म्हणाली, “आता तरी सांग तिला. नीट, पहिल्यापासून.”

मी सांगितलं. तीन बल्ल्या, चुन्याचा हौद, घायपाताचा दोरा, मोट. ती मधेमधे थांबवून विचारत होती: साल कशी काढायची, पाणी किती दिवस, हाताला चटका बसायचा का. तिला लाज वाटत नव्हती. कारण ती वाटायला लावणारं गाव तिनं पाहिलंच नव्हतं. आणि मग तिनं तो प्रश्न विचारला, मराठीत, अडखळत: “बाबा, वास कसा होता?”

सांगता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही बुदैयाच्या रस्त्यावर एका शेताशी गाडी थांबवली. कुंपणाला बाभूळ आहे. बाभूळच, किंवा तिची इथली बहीण. माळ्यानं छाटून टाकलेली एक फांदी दिली. मी चाकूनं साल सोलली, आर्यानं खलबत्त्यात ठेचली, आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी घालून ती ओट्यावर ठेवली. सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. झाकण काढलं... वस्ती नव्हती, आबा नव्हते, हौदाचा भपका नव्हता. नुसता तो गोडसर, लाकडाचा वास, उन्हाळ्यातल्या अंगणाचा, आणि वर एसीची घरघर.

आर्या बरणी मांडीवर घेऊन शाळेच्या गाडीत बसली. काकांची नात शेजारीच होती. तिनं काय विचारलं, आर्यानं काय सांगितलं, मला ठाऊक नाही. गाडी वळेपर्यंत दोघींची डोकी त्या बरणीवर वाकलेली दिसत होती.

काका आता लिफ्टमध्ये भेटले की फार गोड बोलतात. गाव विचारत नाहीत. बार्करला मी अजून सांगितलेलं नाही. त्याला सांगणं सोपं आहे. तो आनंदानं पाठ थोपटेल, कदाचित आमचाही नकाशा मागेल. सोपं आहे म्हणूनच मी ते मागे ठेवलंय. आर्या बरणी घेऊन गेली त्याच सकाळी मीटिंगमध्ये त्या नकाशासमोर बसलो होतो, हात टेबलावर. साल सोलताना उजव्या हाताच्या बोटांना रंग लागला होता, पहिल्या पेरापर्यंत, तांबूस काळा. आदल्या रात्री साबण लावून पाहिला होता. मग लिंबू घ्यायला हात गेला, आणि तो मी परत घेतला.