गिरणीची घरघर आणि खालचा सा

साठच्या दशकात सांगलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हात चांगला आणि डोकं गरम, अशी माझी ख्याती. गिऱ्हाईकानं "आवाज जरा खरखरतोय" म्हटलं की तो मला माझ्या खानदानावरचा ठपका वाटायचा.

त्याच काळात गावातल्या बहिऱ्या मुलांच्या वर्गासाठी मी एक यंत्र बनवलं. शिकवणाऱ्या बाईंसमोर मायक्रोफोन, मधे ॲम्प्लिफायर आणि प्रत्येक मुलाच्या बाकावर हेडफोन. दुकानात ते खणखणीत चाललं. वर्गात बसवलं त्या दिवशीही चाललं, कारण तो सोमवार होता आणि भिंतीपलीकडची पिठाची गिरणी बंद होती. मंगळवारी गिरणीची मोटर सुरू झाली आणि यंत्र घुमायला लागलं. बाईंचा आवाज त्यात पार बुडाला. मुलांनी हेडफोन काढून बाकावर आपटले.

एक मुलगी मात्र काढेना. लहानशी, वडूजकडची. वडील फौजेत हवालदार. ते रजेवर आले होते आणि तिला इथं ठेवायचं की परत न्यायचं, हे रजा संपायच्या आत ठरवायचं होतं.

"पोरीला कायबी ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "यंत्रानं आलं तर ठिवतो. न्हाईतर आईपासनं लांब ठिवून उपेग काय?"

त्यांचं काही चुकत नव्हतं, पण मला ते आव्हानच वाटलं.

मी हेडफोनच्या तारांना मीटर जोडून बसलो. पद्धत सोपी होती. गिरणी चालू, बाई गप्प. अशा वेळी काटा शून्यापाशी राहायला हवा. तो निम्म्याच्या वर चढून बसला होता. मग मी ॲम्प्लिफायरमध्ये एक गाळणी घातली, म्हणजे खालच्या पट्टीचे जाड आवाज पुढं जाऊच नयेत अशी जोडणी केली. काटा निमूट खाली आला. बाई बोलल्या, मुलं हसली, एका पोरानं तर मला टाळी दिली.

ती मुलगी हसली नाही. तिनं हेडफोन काढला, त्यात फुंकर मारली, पुन्हा लावला आणि माझ्याकडं बघून हात हलवला. बंद पडलं, असं तिचं म्हणणं. डोळ्यांत पाणी आलं होतं. हवालदार उठून तिची पिशवी शोधायला लागले.

मला असा राग आला! यंत्र माझं, मीटर माझा, काटा जागच्या जागी, आणि ही पोर म्हणते बंद!

बाई हळूच म्हणाल्या, "अहो, तिला तेवढंच ऐकू येत होतं. गिरणी सुरू झाली की ती बाकावर बोटं वाजवायची. तुम्ही पाहिलं नाहीत?"

नव्हतं पाहिलं. मी मीटरकडं बघत होतो. तिच्या कानांत जे काही शिल्लक होतं ते खालच्या पट्टीचंच होतं, आणि गिरणी गाळताना मी नेमकं तेच गाळून टाकलं होतं. राग कुठल्या कुठं पळाला आणि मला भलताच आनंद झाला. म्हणजे पोरीला ऐकू येतं!

"हवालदार, उद्याचा दिवस द्या मला."

"रजा सरत आली, मिस्त्री. उंद्या सांजच्या यष्टीनं निगनार मी. पोरगी संगं का न्हाई, ते तुमी बगा."

गाळणी उपटून टाकली. आता घुमणं आत शिरतं कुठून, ते शोधणं आलं. मायक्रोफोनच्या तारा मी गिरणीच्या भिंतीला लागून नेल्या होत्या, दिसायला नीटनेटक्या म्हणून. आणि पलीकडून त्याच भिंतीवरून मोटरची केबल गेलेली. तारा सोडवल्या, वेणी घालावी तशा एकमेकींत पिळल्या आणि समोरच्या भिंतीवरून फिरवून आणल्या. काटा उतरला. पण नुसत्या शांत काट्यावर आता माझा भरवसा नव्हता. जाड आवाज पोचतोय का, तेही मोजायचं होतं, आणि त्यासाठी एकसारखा सूर हवा. म्हणून घरून बायकोची पेटी उचलून आणली. बहिऱ्या मुलांच्या वर्गात हार्मोनियम घेऊन चाललेला माणूस बघून दळणाला आलेल्या बाया पदराआड हसल्या. बाईंनी खालचा सा धरला, काटा उठला. वरचा सा धरला, जवळजवळ तेवढाच उठला. पेटी थांबली, गिरणी धडधडत राहिली आणि काटा खाली.

दुपारनंतर हवालदार आले. मुलीनं हेडफोन लावला.

"तुमचा आवाज भरदार आहे, तुम्हीच बोला," मी म्हणालो.

ते मायक्रोफोनसमोर ताठ उभे राहिले आणि माझ्याकडं वळले.

"काय बोलू? तिच्यासंगं कवा बोललोच न्हाई ओ. खुणाच केल्या."

"काहीही बोला हो!"

त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि परेडवर ठोकावी तशी आरोळी ठोकली, "सावधान!"

मुलगी दचकून उभी राहिली. तिनं आधी भिंतीकडं पाहिलं, गिरणीच्या दिशेनं. मग वडिलांकडं. तार पुरेल तेवढी ती पुढं आली आणि त्यांच्या तोंडाकडं बोट करून खूण केली. पुन्हा बोला, म्हणून.

"आगं, मी हाय," हवालदार म्हणाले. आवाज आता परेडचा राहिला नव्हता. "तुजा बा हाय मी."

मग ते आईबद्दल बोलले, व्यालेल्या गाईबद्दल, वासराच्या कपाळावरच्या चांदाबद्दल. तिला त्यातला एक शब्दही कळत नव्हता, पण ती हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरून ऐकत होती. वडूजची एस.टी. निघून गेली, तरी ते बोलतच होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं हवालदार एकटेच गेले.