क्वाएट आणि सायलेंट

“तिला काय इचारायचं? ती कुठं बोलती,” काका पडवीत दादाला सांगत होते. “सोमवारी भोरला न्यायची. सही झाली की तितंच जेवू.”

मी आत चहा गाळत होते. सही हक्कसोडीची. किकवीला हायवेलगत आमचा एक तुकडा आहे. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं, दादाचं आणि माझं नाव लागलं. आता पुण्याच्या एका पार्टीला तिथं हॉटेल टाकायचंय.

आमच्याकडं बहिणी सही करतात. आत्यांनी केली, आईनं तिच्या माहेरी केली. साडी-चोळी मिळते आणि दिवाळीला माहेरचं दार उघडं राहतं. जबरदस्ती कुणी करत नाही, नुसतं धरून चालतात.

शाळेत बाई माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी ‘क्वाएट’ लिहायच्या. काकांना कौतुक. इंग्रजी शाळेत जाऊनही पोरगी वर तोंड करून बोलत नाही, असं पाहुण्यांना ऐकवायचे. मलाही तो शब्द आवडायचा. तो स्वभावाचा शब्द आहे. दुपारचं वावर क्वाएट असतं, त्याला काही सांगायचंच नसतं. सायलेंट माणसाला सांगायचं असतं, आणि ते तो आत ठेवतो. आईला सगळे शांत म्हणतात. एसटी तिच्या माहेरावरून जाते तेव्हा मामानं तिच्या सोडलेल्या हिश्श्यावर बांधलेला बंगला दिसतो. आई तेवढ्यापुरती दुसऱ्या खिडकीतून बघते.

मी चहा घेऊन बाहेर आले.

“सोमवारी सुट्टी टाक गं,” काका म्हणाले. “आधारकार्ड घे संगं.”

कशाला, ते कुणी सांगितलं नाही. दादा मोबाईलमधून वर बघेना.

“बगा, एका शब्दानं इचारलं न्हाई,” काका हसले. “गाय हाय आमची पोरगी.”

“कार्ड मी काढून ठेवते,” आई दारातून म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं.

मी काहीच बोलले नसते, तर त्यांनी त्याला माझा स्वभावच म्हटलं असतं. उद्या मीही तेच म्हणायला लागले असते. काका बशीत चहा ओतत होते. मी म्हटलं,

“काका, माझा हिस्सा मी सोडणार नाही.”