नॅस्टर्शियमची भाजी

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा शेजारच्या बाया म्हणाल्या, सुनेनं फार केलं हो म्हातारीचं. केलं, खोटं नाही. पण त्याच्या कितीतरी आधी आणखी काय केलं होतं, ते त्या बायांना माहीत नव्हतं आणि मीही कधी कोणाला सांगितलं नाही.

माझे बाबा अमरावतीला कॅम्पातल्या एका बंगल्यावर माळी होते. साहेब बदलत, बाबा तेच. हिवाळ्यात बंगल्यासमोर फ्लॉक्स, डेलिया आणि कडेकडेनं नॅस्टर्शियम फुलायचं. या फुलाला आपल्याकडे नाव नाही. बाबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तरी ते नॅस्टर्शियम म्हणायचे ते साहेबापेक्षा झोकात. त्याची पानं छोट्या ताटलीसारखी गोल, देठ थेट पानाच्या मधोमध. फुलं केशरी, पिवळी, आणि मागे एक बारीक नळी लोंबणारी. काम करता करता बाबा त्याची एखादी कळी तोडून तोंडात टाकत. मलाही देत. मोहरीसारखी झणझणीत लागायची, नाकात जायची. "याले खाऊ घालू नको," असं ते बजावत. "शेणखत दिलं का माजते. पानंच पानं. फूल पायजे असंन तं मुरमात लाव अन् उपाशी ठेव."

साठ सालच्या आसपास माझं लग्न अकोल्याला झालं. नवऱ्याचा एक पाय लहानपणापासून अधू होता, म्हणून माळ्याची पोर चालली. नाहीतर कापसाची काळी जमीन बाळगणारी ती माणसं आमच्या दारात कशाला येतात? त्यांच्याकडे स्वतःची जमीन, आमच्याकडे दुसऱ्याची बाग. सासूबाईंनी हा फरक मला एक दिवस विसरू दिला नाही. चार बायांत बसल्या की मला नावानं हाक मारायच्या नाहीत. "आमची माळीण" म्हणायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या.

पहिल्या दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा येताना बाबांनी चिंधीत बांधून मूठभर बी दिलं. वाळलेल्या वाटाण्यासारखं, सुरकुतलेलं. मी ते पाण्यात भिजत घातलं आणि घरामागे धुण्याच्या दगडाशेजारी एक हातभर पट्टी होती, तिथली काळी माती उकरून काढली. सडकेच्या कडेचा मुरूम पाटीत भरभरून आणला. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"काहून वं, आमच्या मातीले का रोग लागला?"

"याला चांगली माती चालत नाही, आत्याबाई. उपाशी ठेवलं की फुलतं."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मंग तू काहून फुलून नाही राहिली?" म्हणाल्या, आणि आत गेल्या. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि माझी कूस उजवली नव्हती. शेजारीण कुंपणापलीकडून खुदकन हसली, ते मला अजून ऐकू येतं.

पण रोपं आली. डिसेंबरात वेल दगडावर चढले आणि संक्रांतीच्या तोंडावर पहिलं केशरी फूल उमललं. तेव्हाच बाबांची चिठ्ठी आली, ती त्यांनी बंगल्यावरच्या चपराशाकडून लिहून घेतली होती: संक्रांत झाली की येतो. लग्नानंतर ते पहिल्यांदाच येणार होते. मी दर पत्रात त्यांना लिहीत होते की इथे सगळे मला जीव लावतात. ते सगळं खोटं होतं. मला एवढंच हवं होतं की बाबांनी यावं, या घरात आपल्या पोरीची म्हणून एक फुललेली पट्टी आहे हे बघावं आणि खुशीत परत जावं. त्या पट्टीवर माझी सगळी मदार होती. रोज सकाळी मी फुलं मोजायचे.

ते यायच्या दिवशी सासूबाईंनी मला ज्वारी घेऊन चक्कीवर पिटाळलं. रांग मोठी होती. परत आले तर पट्टी भुंडी. मुरमातून नुसते देठ वर आलेले, एक पान नाही, एक फूल नाही. मी डोक्यावरचा डबा न उतरवता तशीच स्वयंपाकघरात गेले.

"हे काय केलं, आत्याबाई?"

"भाजी. तुह्या बापाले काय कोरडी भाकर घालू?"

"आणि फुलं?"

"तेबी टाकले. बेसनात कोनाले समजते?"

आदल्या दिवशीच शेतातून हरभऱ्याची कोवळी भाजी आली होती. ती तिथेच सुपात होती, निवडून, ओली. म्हणजे भाजी नव्हती म्हणून केलं असं नव्हे. एखाद्या अडाणी बाईची चूक म्हणून मी सोडून दिलंही असतं, पण ते सूप मी या डोळ्यांनी पाहिलं.

बाबा बारा वाजता आले. बडनेऱ्याहून गाडी पकडून, धुतलेलं धोतर नेसून. हातपाय धुवायला त्यांना मागे नेलं, तर ते तांब्या हातात धरून त्या देठांकडे बघत राहिले. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचा घास घ्यायचा नाही, अशी आमच्याकडे रीत. ते आपली भाकर फडक्यात बांधून घेऊन आले होते. ती सोडायला लागले तशा सासूबाई व्याह्यांच्या पुढ्यात आल्या.

"आमच्या घरचं अन्न चालत नाही वाट्टे तुमाले, इवाई? तुमच्यासाठी खास केली भाजी."

नवरा शेजारच्याच ताटावर होता. बाबांनी फडकं पुन्हा बांधलं. बाबा बसले. पहिला घास घेतला आणि त्यांचं चावणं थांबलं. आयुष्यभर ज्या कळ्या चघळल्या त्यांची चव त्यांना कळणार नाही तर कोणाला? मग त्यांनी घास गिळला, पुढचा घेतला, आणि ताट पुसून संपवलं. "चांगली झाली, इहीनबाई," म्हणाले. माझ्या नवऱ्याला माहीत होतं की नाही ते मी कधी विचारलं नाही. नवऱ्यानं ती भाजी दोनदा मागून घेतली.

निघताना दारात बाबा मला हळूच म्हणाले, "पत्रात लटकं लिहीत जाऊ नको, बाई." बस. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सासूबाईंनी ही गोष्ट पुढे कितीतरी महिने गावभर मिरवली. सुनेनं फुलं लावले, म्या भाजी घातली, इवायानं बोटं चाटून खाल्ली. आपणही अशी भाजी जन्मात खाल्ली नाही, असंही वर जोडायच्या. मी ऐकून घेत होते.

मग पावसाळ्यात त्या अंगणात घसरून पडल्या आणि उजवा हात मोडला. हाडवैद्यानं बांधला, पण तो वाकडाच बसला. चूल माझ्या हाती आली. दिवाळीला बाबांनी पाकिटातून बी पाठवलं, सोबत चिठ्ठी नव्हती. यावेळी मी मुरूम काढून टाकला. पट्टीत काळी माती भरली, आठवड्याला दोन पाट्या शेणखत घातलं, रोज पाणी. वेल असे माजले की धुण्याचा दगड दिसेना. पानं तळहाताएवढी. फूल औषधालाही नाही.

आणि मी भाजी करायला लागले. सकाळी बेसन पेरून, संध्याकाळी वरणात, आणि मधल्या वेळी कच्च्या पानांचा हिरव्या मिरच्या घालून ठेचा. कोणी आलं की त्यांच्यादेखत वाढायचे आणि म्हणायचे, आत्याबाईंना फार आवडते हो, असं त्याच सांगतात. बिचारी नाही कशी म्हणणार? नवऱ्याच्या ताटात वेगळं वाढायचे. त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. पंधरा दिवसांत सासूबाईंचं तोंड आलं. ओठ फुटले, पोटात आग व्हायची. दूध-भाकर दे म्हणाल्या तर मी म्हटलं, दूध नासलं. एका दुपारी डाव्या हातानं घास उचलताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडलं. मी समोर बसून बघत होते. सांगायला लाज वाटते, पण मला त्या दिवशी माझं जेवण फार गोड लागलं.

जानेवारीत बाबा न कळवता आले. मागच्या दारानं आले आणि पट्टीपाशीच थांबले. खाली बसून त्यांनी मातीत बोट घातलं, वास घेतला.

"खत घातलं?"

"हो."

"तुले तं माहीत व्हतं."

"फूल नकोच होतं मला."

त्यांनी आत पाहिलं. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर ताट, तोंड सुजलेलं, आणि एकेका घासावर फुंकर घालत होत्या. भाजी केव्हाच निवलेली होती. बाबांना काही समजावून सांगावं लागलं नाही. ते आत गेले आणि ज्या बाईनं त्यांना माझी फुलं खाऊ घातली होती, तिच्यापुढे त्यांनी हात जोडले.

"इहीनबाई, पोरीले माफ करा. म्या असं शिकवलं नव्हतं तिले."

सासूबाईंनी मान वर केली. मला वाटलं, आता शिव्यांचा पट्टा सुटणार. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट जरा समाधानच होतं.

"माफी कायची, इवाई? आता कुठं या घरची झाली ते."

बाबांनी पिशवी उचलली. पाणीही न घेता निघाले. मी मागे धावले तर उंबऱ्यापाशी त्यांनी हातानंच मला थांबवलं. "तू राह्य," म्हणाले, "त्याइचं जेवन व्हायचं हाये." ते कोपऱ्यावरून दिसेनासे होईपर्यंत मी उभी राहिले. मग आत येऊन सासूबाईंच्या ताटात पुन्हा तीच भाजी वाढली.