गालावरची तीट

लेकीला न्हाऊ घातलं की मी तिच्या गालावर काजळाची तीट लावायची. तीट कसली, जांभूळच. जाऊ विचारायची, "अगो, यात पोर कुठं हाय?" मी फणकारायची, "नजर लागली तर तू निस्तरशील का?"

माझी आई आणि मावशी, दोघी छातीच्या गाठीनं तरण्याताठ्या गेल्या होत्या. त्यांना शेजारणीची दृष्ट लागली, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्या बिचारीशी मी कित्येक वर्षं बोलले नाही. विशीत माझ्याएवढं शहाणं जुईनगरात कुणी नव्हतं.

मागच्या वर्षी त्याच लेकीला तशीच गाठ निघाली. केमोनं केस गेले. दोष घराण्यातून आलेला निघाला, म्हणून माझं आणि नातीचंही रक्त तपासलं. रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघी रिक्षानं गेलो. समजावणारी डॉक्टरीण नातीच्याच वयाची.

"आजी, एका पेशीच्या दोन होण्याआधी ती आपल्या डीएनएची नक्कल करते. त्यात धागा कधीकधी तुटतो. मग काही एन्झाइम तुटल्या जागेजवळच्या प्रथिनांना खूण चिकटवतात. ती दिसली की दुरुस्तीवाले येतात. तुमच्या घरात खूण लावणाऱ्या एका एन्झाइमचा साचाच बिघडलाय. दुसरा चांगला साचा असतो, त्यावर निभतं. पण एखाद्या पेशीत तोही गेला, तर तुटलेलं नीट सांधत नाही आणि चुकीच्याच नकला निघत राहतात."

"म्हंजे तीट लावायची राहते," मी म्हणाले.

"हो. फक्त ही तीट कुणाचं तरी लक्ष जावं म्हणून असते."

दोष माझ्यात होता. नातीतही होता.

लेकीनं डोक्यावरचा रुमाल पुढं ओढला. "माझ्याकरनं गेला गो तिच्यात."

"उगा मोठेपना घेऊ नको. माझ्याकरनं गेलाय. तू नुसती मधली हमाल."

लेक माझ्याकडं वळली.

"मग आये, तुला कसं काय नाय झालं?"

डॉक्टरीण म्हणाली, प्रत्येकीला होतंच असं नाही. मी आपली धडधाकट खुर्चीत बसून होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

नातीनं एवढंच विचारलं, "आता काय करायचं?" दरवर्षी एमआरआय, आणि पुढं तिनं ठरवलं तर ऑपरेशन. गाठ व्हायच्या आधीच छातीवरचं सगळं काढून टाकायचं. तिचं तर लग्नही व्हायचंय.

पहिल्या तपासणीच्या सकाळी ती काजळाची डबी घेऊन माझ्यापुढं बसली. "आजी, लाव. कानामागं. बारीक हां."

याचा काही उपयोग नाही, हे तिलाही ठाऊक, मलाही. डबीत बोट बुडवून मी तिच्या कानामागं टेकवलं.

"जांभूळ केलंस ना?"

"नाय गो. तिळाएवढी हाय."

हॉस्पिटलात नर्सनं सांगितलं, मशिनीत काजळ चालत नाही, पुसा. नातीनं मान वाकवली. मी ओल्या कापसानं पुसायला लागले. पुसता पुसता ते मानेपर्यंत पसरलं. मग तिला आत घेतलं आणि दार लागलं. लेक आणि मी बाहेर बाकावर बसलो. काळा कापूस माझ्या मुठीतच राहिला.