करसवलतीची पावती आणि ह्यांची शिलाई मशीन

...सडा टाकला, चूल सारवली आणि ह्यांची शिलाई मशीन पुसायला घेतली. त्रेसष्ट साल, अकोला. हे जाऊन वर्ष झालं होतं. मशीन बायकांच्या उद्योगघराला द्यायची होती. भांडं रिकामं देत नाहीत, म्हणून सुईत दोरा ओवला.

आज नातीच्या मोबाईलवर देणगीची पावती आली आणि हे सारं आठवलं, मैत्रिणींनो.

तर त्या दिवशी मशीन घेऊन उद्योगघरात गेले. तिथल्या काकूंनी पावती फाडली. "घे, करात सूट भेटते."

"काकू, कर भराले आधी कमाई तं पाहिजे!"

तिथल्या सगळ्या बायका हसल्या. वर्षभरानं मीही हसले.

काकूंनी ओवलेला दोरा पाहिला. "चालवता येते?"

"झंपर शिवता येते मले."

"मंग घरी काहून बसून राहिली, पोरी? कमाव, अन् भर कर!"

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन उद्योगघरात गेले आणि त्याच मशीनवर शिवायला बसले.